निकोडेमस : काळ्यांच्या एका गावाची उभारणी आणि ओहोटी

महसूल खात्याच्या जुन्या दप्तरात 'बेचिराख' असा एक शब्द आढळतो. मूळ फारसी 'बे-चिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे ठिकाण. गावाचे नाव कागदावर आहे, शिवाराच्या हद्दी ठरलेल्या आहेत, काळीची आकारणी होते आहे, पण पांढरीवर राहणारे कुणी उरलेले नाही, अशा गावापुढे हा शेरा मारला जातो. गाव का उठले हे शेरा मारणारा लिहीत नाही. ते पटकीने उठले, दुष्काळाने उठले की कुणी उठवले, याची दप्तराला गरज नसते. इतिहासाला मात्र ती असते. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिलाच नाही, त्यांना तर ती अधिकच असते.

या लेखात ज्या गावाचा विचार करायचा आहे ते आपल्या देशातले नाही. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, ग्रॅहम जिल्ह्यात, सॉलोमन नदीच्या खोऱ्यात निकोडेमस नावाचे एक खेडे आहे. आज तिथे कायमचे राहणारे लोक वीस-पंचवीससुद्धा नाहीत. दुकान नाही, पोस्ट नाही, शाळा भरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या गावात दोन वर्तमानपत्रे निघत होती. हे गाव वसवले ते गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी.

अमेरिकन काळ्यांशी आपले नाते नवे नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यूबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करीत आलो आहोत असे कळवले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा नावच 'ब्लॅक पँथर'वरून घेतले गेले. त्यांच्या कविता, आत्मचरित्रे, नाटके यांविषयी आपण बरेच बोललो. पण काळ्यांनी जमीन कशी मिळवली, गाव कसे वसवले आणि ते त्यांच्या हातून कसे गेले, याविषयी आपण फारसे बोललो नाही. साहित्याइतकाच तोही आपल्या अभ्यासाचा विषय व्हायला हवा, कारण गावाचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे.

मुक्ती मिळाली, जमीन नाही

निकोडेमसचे बहुतेक मूळ रहिवासी केंटकी राज्यातले. हे राज्य यादवी युद्धात संघराज्यातून फुटले नव्हते. त्यामुळे लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथल्या गुलामांना लागू झालाच नाही. तो बंडखोर राज्यांपुरता होता. केंटकीतली गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने.

साखळी तुटली, पण पोटाचे काय? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने दक्षिणेतल्या किनारपट्टीची काही जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला होता. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत दिल्या. मग काळ्या माणसापुढे एकच वाट राहिली. कालच्या मालकाच्याच शेतात वाट्याने राबायचे. बी त्याचे, बैल-घोडा त्याचा, हिशेबाची वहीही त्याचीच. वर्षाच्या शेवटी वहीत कर्जच निघायचे. सावकाराच्या वहीवर ज्यांच्या बापजाद्यांचे अंगठे उठलेले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मत देऊ पाहणाऱ्याला, शाळा काढणाऱ्याला रात्री बुरखे घालून येणाऱ्या टोळ्या मारहाण करीत, घरे जाळीत. १८७७ साली दक्षिणेतून संघराज्याचे उरलेसुरले लष्करी संरक्षणही काढून घेण्यात आले.

निकोडेमसचा जन्म याच वर्षीचा. जिथे आपण गुलाम म्हणून ओळखले जातो तिथे राहून माणूस म्हणून ओळखले जाणार नाही, हे त्या लोकांना कळून चुकले होते.

कॅन्ससकडे त्यांची नजर वळण्याला दोन कारणे होती. एक, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनचे नाव त्या भूमीशी जोडलेले होते आणि गुलामगिरीला नकार देऊनच हे राज्य संघराज्यात आले होते. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमीन मागता येई. पाच वर्षे तिच्यावर राहून ती कसली की ती नावावर होई. या कायद्यात रंगाची अट नव्हती.

जाहिरातीतले गाव आणि जमिनीतले गाव

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. अध्यक्ष होता डब्ल्यू. एच. स्मिथ हा काळा धर्मोपदेशक, आणि खजिनदार होता डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा गृहस्थ. गावाला निकोडेमस हे नाव बायबलमधल्या व्यक्तीवरून पडले की याच नावाच्या एका गुलामाच्या दंतकथेवरून, याबद्दल दोन मते आहेत. त्या गुलामावर १८६४ साली रचलेले एक गाणे त्या काळी लोकांच्या तोंडी होते.

कंपनीने पत्रके छापून केंटकीतल्या काळ्यांच्या चर्चमधून वाटली. काळी कसदार जमीन, लाकूडफाटा, पाणी, शिकार, सारे भरपूर असल्याचे वर्णन त्यांत होते. सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेच्या वर माणसांचा पहिला मोठा जथा लेक्सिंग्टनच्या परिसरातून निघाला. रेल्वे एलिस या ठाण्यापर्यंत होती. तिथून पुढे सुमारे ३५ मैल बायकापोरांसह पायपीट. पोहोचल्यावर पाहिले तर गाव नव्हतेच. झाड नाही, घर नाही, नजर जाईल तिथवर गवत आणि वारा.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईची आठवण नोंदलेली आहे. सोबतची माणसे 'निकोडेमस आले' म्हणून ओरडू लागली, तेव्हा ती गाव शोधू लागली. तिला गाव दिसेना. नवऱ्याने बोटाने दाखवले, तेव्हा जमिनीतून निघणारा धूर तिला दिसला. माणसे जमिनीत बिळे करून राहत होती. ती बाई रडू लागली. ज्या केंटकीतून ती आली होती तिथे निदान झाडे होती, भिंती होती. इथे उतारावर खणलेला खड्डा, वर फांद्या आणि गवताच्या मुळांसकट कापलेली ढेकळे, पुढे एक दार, हेच घर होते.

आलेल्यांपैकी पन्नास-साठ कुटुंबे लवकरच परतली. संतापलेल्या लोकांपासून हिलला लपून बसावे लागले, अशी आठवण तिथे सांगितली जाते. जे राहिले ते बरेचसे यासाठी की परत जायला पैसे नव्हते. हेही लिहून ठेवले पाहिजे. वसाहतीच्या इतिहासात धैर्याचे गोडवे गाताना लाचारीचा हा भाग गाळला जातो, आणि मग पुढच्या पिढ्यांना वाटते की आपले पूर्वज दगडाचे होते.

पहिला हिवाळा फार वाईट गेला. पेरणीचा हंगाम टळून गेल्यावर ही माणसे पोहोचली होती, त्यामुळे घरात दाणा नव्हता. अशा वेळी शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना आपल्याजवळचे मांस दिले आणि त्यावर कितीतरी कुटुंबे जगली. या ओसेजांना कॅन्ससमधून हुसकावून इंडियन टेरिटरीत ढकलून फार वर्षे झाली नव्हती. होमस्टेड कायद्याने जी 'मोकळी' जमीन वाटली जात होती ती मुळात अशाच आदिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती. एका शोषिताला दिलेली जमीन दुसऱ्या शोषिताकडून हिरावलेली असावी, आणि ज्याचे हिरावले त्यानेच उपाशी माणसाला घास द्यावा, ही गोष्ट विसरून निकोडेमसचा इतिहास सांगता येणार नाही. आपल्याकडेही पडीक, गायरान, वन यांच्या प्रश्नावर भूमिहीन दलित आणि आदिवासी एकमेकांसमोर उभे केले जातात. त्या वेळी ही गोष्ट आठवावी.

हातांनी उभे केलेले गाव

शेतीला लागणारे जनावर गावात जवळजवळ नव्हतेच. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके घोडे होते. लोकांनी कुदळी-फावड्यांनी गवताळ जमीन फोडली. कुणी दुभत्या गाईला जुंपले. १६० एकर कागदावर होते, पण पहिल्या वर्षी प्रत्यक्षात काही एकरांपलीकडे नांगरट झाली नाही. जळणाला लाकूड नव्हते म्हणून सूर्यफुलाची वाळकी ताटे आणि रानरेड्यांचे शेण जाळले. माळावर पडलेली रानरेड्यांची हाडे गोळा करून विकली. कर्ते पुरुष रेल्वेच्या कामावर मजुरीला गेले आणि जमीन धरून ठेवण्याचे काम बायकांनी केले. कारण राहते घर रिकामे राहिले तर जमिनीवरचा हक्क जाण्याची भीती होती.

या लोकांनी सुरुवातीला बाहेरून मदत मागितली, ती मिळालीही. पण १८७९ च्या सुमारास त्यांनी टाउन कंपनी बरखास्त केली आणि मदत मागणे थांबवले. आता आमचे आम्ही पाहू, असा तो निर्णय होता.

शाळा सुरू झाली ती जमिनीतल्या घरातच. जेनी फ्लेचर ही पहिली शिक्षिका. तिचा नवरा झॅकरी फ्लेचर हा गावचा पहिला पोस्टमास्तर, आणि पुढे सेंट फ्रान्सिस हॉटेलचा मालक. निकोडेमसचा शाळा-विभाग हा साऱ्या ग्रॅहम जिल्ह्यातला क्रमांक एकचा शाळा-विभाग होता. ज्यांना अक्षर शिकवणे हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता, त्या लोकांनी माळरानावर येऊन जिल्ह्यातली पहिली शाळा उभारावी, ही घटना शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे.

१८८० नंतर चांगला पाऊस झाला. जमिनीतली घरे जाऊन ढेकळांची आणि चुनखडी दगडाची घरे आली. १८८५ च्या पुढच्या दोन-तीन वर्षांत गाव भरात होते. बाजारपेठ, बँक, हॉटेले, चर्चे, साहित्य मंडळ, परस्परांना मदत करणाऱ्या संस्था, आणि 'वेस्टर्न सायक्लोन' (१८८६) व 'निकोडेमस एंटरप्राइज' (१८८७) ही दोन वर्तमानपत्रे. गावात काही गोरे व्यापारीही येऊन राहिले होते. दुकानात, रस्त्यावर, सभेत काळा माणूस मान वर करून वावरत होता. केंटकीत सोडून आलेल्या गावात हे त्याला कधीच शक्य झाले नसते.

एडवर्ड मॅकेब या तरुणाची हकिकत याच गावातून सुरू होते. जन्म १८५० चा, न्यूयॉर्क राज्यातला. १८७८ साली तो निकोडेमसला आला, जमिनीच्या कागदपत्रांची कामे करू लागला. १८८० साली ग्रॅहम जिल्हा प्रत्यक्षात स्थापन झाला तेव्हा गव्हर्नरने त्याला तात्पुरता जिल्हा-क्लार्क नेमले. १८८२ साली तो साऱ्या कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला आणि १८८४ साली पुन्हा. त्या राज्यात राज्यपातळीचे पद मिळवणारा तो पहिला काळा माणूस. हे कसे घडले? गावात काळ्यांची मते एकगठ्ठा होती, ती धाकाखाली नव्हती, आणि गावाबाहेरच्या राजकारणाला ती हिशेबात घ्यावी लागत होती. स्वतंत्र वसाहतीतून स्वतंत्र राजकीय शक्ती निर्माण होते याचा हा पुरावा आहे.

रेल्वे आली नाही

माळावरच्या गावाचे जीवन रेल्वेवर अवलंबून होते. गहू-मका बाजारात न्यायचा तर रेल्वे पाहिजे. शिवाय रेल्वे कुठून जाते यावर जमिनीचे भाव, दुकाने, कर्ज मिळणे, सारे ठरत असे. मिसुरी पॅसिफिक कंपनीने निकोडेमसवरून मार्ग नेण्याची तयारी दाखवली. १८८७ साली गावाने १६,००० डॉलरचे कर्जरोखे काढायला मान्यता दिली. दहा वर्षांपूर्वी हाडे वेचून पोट भरणाऱ्या लोकांनी स्वतःवर घेतलेले हे ओझे होते.

मिसुरी पॅसिफिकचे बोलणे फिसकटले. दुसरी कंपनी, युनियन पॅसिफिक, आली ती नदीच्या दक्षिणेकडून. १८८८ साली पाच-सहा मैलांवर, नदीपलीकडे, तिचे ठाणे पडले आणि तिथे बोग हे नवे गाव उभे राहिले. निकोडेमसचे व्यापारी तिकडे निघाले. काहींनी घरे-दुकाने गाड्यांवर लादून नेली. वर्तमानपत्रे बंद पडली. जे गाव एका वर्षापूर्वी शहर होण्याची स्वप्ने पाहत होते, त्याची बाजारपेठ एका वर्षात उठली.

हा वर्णद्वेष होता काय? पुरावा नसताना आरोप करणे ही इतिहासलेखनाची रीत नव्हे. रेल्वे न आल्याने मेलेली गोऱ्यांची गावेही त्या माळावर पुष्कळ आहेत. पण दुसरीही एक गोष्ट नजरेसमोर ठेवावी. इलिनॉय राज्यात न्यू फिलाडेल्फिया हे गाव फ्रँक मॅकवर्टर या गुलामीतून सुटलेल्या माणसाने १८३६ साली आखले होते. १८६९ साली रेल्वे आली ती या गावाला वळसा घालून, आणि ते गावही उतरणीला लागले. रेल्वेचा मार्ग ठरवणाऱ्या बैठकांत काळा माणूस कुठेच नव्हता, हे दोन्ही ठिकाणी सारखे. कुणाच्या मनात द्वेष होता की नव्हता हे सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. ज्यांच्या हाती भांडवल आणि निर्णय नाही त्यांचे गाव नकाशावर एका रेघेने बाजूला पडते. ती रेघ ओढणाऱ्याला त्यांचा विचारसुद्धा करावा लागत नाही.

जाहिरात करून लोकांना माळावर आणणाऱ्या हिलने याच जिल्ह्यात स्वतःच्या नावाचे गावही वसवले. ते हिल सिटी आज ग्रॅहम जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे.

ओहोटी

बाजारपेठ गेली तरी निकोडेमस लगेच उठले नाही, याकडे लक्ष द्यावे. दुकानदार गेले, शेतकरी राहिले. कारण जमीन त्यांच्या नावावर होती. गहू पिकत होता तोवर गाव टिकले. १९०७ साली बाप्टिस्टांनी नवे चर्च बांधले, १९१८ साली शाळेची नवी इमारत झाली. लौकिक अर्थाने 'शहर' गेल्यानंतर तीस-चाळीस वर्षे हे गाव आसपासच्या काळ्या शेतकऱ्यांचे केंद्र म्हणून उभे होते.

ते मोडले १९३० नंतर. शेतमालाचे भाव कोसळले, त्यातच सलग दुष्काळ पडला. नांगरटीने मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. त्या काळाला तिथे 'डस्ट बोल' म्हणतात, म्हणजे धुळीची परात. माण-खटावच्या माणसाला दुष्काळ सांगावा लागत नाही. पण तिथे विहीर आटली एवढेच झाले नाही, तर शेताची वरची मातीच उडून गेली. कर्जबाजारी लहान शेतकरी जमीन विकून डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी गेले. १९३५ साली गावात ७६ माणसे उरली होती, १९५० साली १६. १९५३ साली पोस्ट बंद झाले. पुढे शाळाही बंद पडली.

मॅकेबचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. कॅन्ससमध्ये पुढची दारे बंद झाल्यावर तो ओक्लाहोमाला गेला आणि १८९० साली लँग्स्टन हे काळ्यांचे गाव वसवण्यात पुढे झाला. तिथे काळ्यांचे बहुमत असलेले राज्य व्हावे अशी आशा त्या काळी बाळगली जात होती. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. त्याच्या पहिल्या विधिमंडळाने सुरुवातीलाच जो कायदा केला तो रेल्वेत काळ्यांना वेगळे डबे देण्याचा. त्याविरुद्धचा खटला मॅकेबच्या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१४ साली त्याचा निकाल लागला, पण मॅकेबच्या हाती काही आले नाही. १९२० साली तो शिकागोत दारिद्र्यात वारला. रेल्वेनेच त्याचे पहिले गाव बाजूला टाकले होते, आणि रेल्वेच्याच डब्यांत काळ्यांना वेगळे बसवण्याविरुद्धचा लढाही तो हरला.

बाबासाहेबांची स्वतंत्र वसाहतीची मागणी

हा इतिहास वाचताना स्वतंत्र वसाहतीच्या मागणीची आठवण अपरिहार्यपणे होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांची स्वतंत्र खेडी वसवावीत असा ठराव केला. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हीच मागणी कायद्याच्या भाषेत आली. सरकारी पडीक जमीन ताब्यात घेऊन वसाहती करणारे एक मंडळ घटनेनेच नेमावे आणि केंद्र सरकारने त्यासाठी दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला काढावेत, असे त्यात म्हटले होते. खेड्याबद्दल त्यांना कसलाही भ्रम नव्हता, हे ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणावरून साऱ्यांना माहीत आहे.

काही जण म्हणतील, निकोडेमस ओस पडले, तेव्हा स्वतंत्र वसाहतीची कल्पनाच चुकीची होती. हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याची कारणे अशी.

पहिले असे, की निकोडेमस वेगळे राहिल्यामुळे मोडले नाही. ते भांडवल, दळणवळण आणि पाणी यांच्या अभावी मोडले. होमस्टेड कायद्याने जमीन दिली, नांगर दिला नाही. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतीविषयी जी योजना मांडली तिच्यात पाणी, जनावरे, अवजारे, खत, बी-बियाणे पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली होती, आणि शेती सामुदायिक पद्धतीने व्हावी असे म्हटले होते. कुदळीने माळ फोडणाऱ्या निकोडेमसच्या माणसाला नेमके जे मिळाले नव्हते त्याची ही यादी आहे. नुसता जमिनीचा तुकडा हातात दिल्याने माणूस स्वतंत्र होत नाही, हे त्या योजनेमागचे सूत्र होते. आपल्याकडे पुढे जी काही गायराने, पडिके वाटली गेली त्यांत तुकडा दिला गेला, बाकीची यादी राहून गेली. मग 'यांना जमीन दिली तरी कसता येत नाही' असे म्हणायला लोक मोकळे.

दुसरे असे, की गाव जितकी वर्षे टिकले तितकी ते जमिनीच्या मालकीवर टिकले. व्यापार एका वर्षात गेला, जमीन पन्नास वर्षे गेली नाही. १९२८ साली महार वतन बिल मांडताना बाबासाहेबांचे भांडण याच गोष्टीशी होते, की इनामाच्या नावाखाली मिळणारी जमीन हा गावकीच्या वेठीचा दोर आहे. त्यांना जमीन हवी होती, वेठ नको होती. १९५८ च्या कायद्याने वतने गेली. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. तो लढा जुना झाला असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या तालुक्यातले सातबाराचे उतारे एकदा पाहावेत.

तिसरी गोष्ट आपल्याला अधिक झोंबणारी आहे. निकोडेमसमध्ये सारे गावच रिकामे झाले. आपल्याकडे गाव भरलेले राहते आणि फक्त आपली वस्ती रिकामी होते. गिरण्यांत, रेल्वेत, बंदरात, नगरपालिकेत आपली माणसे गेली ती बाबासाहेबांच्या सांगण्याने आणि पोटासाठी, दोन्ही कारणांनी. १९७८ साली मराठवाड्यात नामांतराच्या प्रश्नावरून वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा कितीतरी कुटुंबे तालुक्याच्या गावी निघून गेली. आपल्या पुष्कळ वस्त्यांत आज पडक्या भिंती, समाजमंदिर आणि दोन-चार म्हातारी माणसे एवढेच दिसते. ती वस्ती महसुलाच्या दप्तरात 'बेचिराख' म्हणून कधीच नोंदली जाणार नाही, कारण दप्तराच्या लेखी गाव जागच्या जागी आहे.

परत येणारी माणसे

निकोडेमसची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीपासून तिथे ऑगस्टच्या पहिल्या तारखेच्या सुमारास मुक्तीचा उत्सव होत असे. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिशांच्या ताब्यातील वेस्ट इंडीज बेटांवर गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात आला, त्याची ती आठवण. गाव रिकामे होत गेले तरी हा उत्सव थांबला नाही. आता तो जुलैच्या शेवटी 'होमकमिंग' म्हणून होतो. देशभर पांगलेली घराणी, पाचव्या-सहाव्या पिढीतली मुले, त्या दिवसांत गावी येतात. एरवी माणूस दिसत नाही तिथे शेकडो माणसे जमतात, नावे सांगतात, कबरी दाखवतात. आपल्याला हे समजायला कठीण नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर जाणारा माणूस नुसते दर्शन घ्यायला जात नाही, आपण कोण हे एकदा मोजून घ्यायला जातो.

त्यांच्याच आग्रहाने या गावाच्या इतिहासाची दखल सरकारला घ्यावी लागली. १९७६ साली गावाला राष्ट्रीय महत्त्वाच्या ऐतिहासिक ठिकाणाचा दर्जा मिळाला, आणि १९९६ साली काँग्रेसने कायदा करून राष्ट्रीय उद्यान खात्याकडे ते जतनासाठी सोपवले. दोन चर्चे, हॉटेल, शाळा आणि १९३९ साली बांधलेले नगरगृह अशा पाच इमारती त्यात आहेत. पण इमारतींच्या आधी कागद जतन झाले, ते घराघरांतून. विलियाना हिकमन रडली होती हे आपल्याला आज कळते, कारण तिच्याकडून ते कुणीतरी ऐकून लिहून ठेवले.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक काम सुचवावेसे वाटते. प्रत्येकाने आपापल्या वस्तीचा इतिहास लिहावा. वतनाच्या सनदा, हाडोळ्याच्या जमिनीचे जुने उतारे, शाळेच्या रजिस्टरातील पहिल्या मुलांची नावे, विहीर कुणी आणि केव्हा खणली, कुणाच्या घराला कोणत्या साली आग लागली, मुंबईला प्रथम कोण गेले, जमीन कुणाच्या नावावर होती आणि आज कुणाच्या नावावर आहे. म्हाताऱ्या बायकांना विचारावे, कारण कोण गेले आणि कोण राहिले हे त्यांना ठाऊक असते. हे लिहिताना पूर्वजांना मोठे करण्याची गरज नाही आणि त्यांची लाचारी लपवण्याचीही नाही. कार्यकर्त्यांना या नोंदींचा उपयोग तहसील कचेरीत होईल, लेखकांना लिहिताना होईल. ज्या वस्तीत उद्या कदाचित कुणीच राहणार नाही, तिथे कोण राहत होते आणि ते का गेले, याचे उत्तर निदान आपल्या हाताने लिहिलेले असेल.